गच्चीवरचा मोठा प्रकाशित नामफलक: वारा, अँकर आणि वर चढणारी माणसं

प्रश्न असा आहे: साधारण ८० मीटर उंच इमारतीच्या गच्चीवर, कठड्याच्या मागे लोखंडी सांगाडा उभारून त्यावर ३ मीटर उंचीची एलईडी अक्षरं बसवायची आहेत. ओळीची लांबी १५ मीटर. अँकर (सांगाडा काँक्रीटला धरून ठेवणारे बोल्ट) कुठले आणि किती, अक्षरं क्रेनने चढवायची की झुल्यातून (गच्चीवरून दोरांनी टांगलेल्या पाळण्यातून) बसवायची, आणि माणसांच्या सुरक्षिततेसाठी नेमकं काय करायचं?

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं. सांगाड्याचा हिशोब वजनावर न करता वाऱ्यावर करा. अक्षरं मागच्या बाजूने बसवता आणि उघडता येतील अशीच बनवून घ्या, म्हणजे झुल्याची गरजच उरत नाही. आणि जमिनीवर होऊ शकणारं एकही काम वर नेऊ नका. वर फक्त बोल्ट आवळायचे आणि कनेक्टर जोडायचे. या कामातले बहुतेक अपघात वर घडतात, पण त्यांची तयारी खाली, ड्रॉइंग होतं तेव्हाच झालेली असते.

वाऱ्यापासून सुरुवात करू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा, की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. १० मीटर प्रति सेकंदाला हा दाब ६० न्यूटन, म्हणजे जेमतेम ६ किलो. ५० मीटर प्रति सेकंदाला, म्हणजे ताशी १८० किलोमीटरला, तो १५०० न्यूटन, म्हणजे सुमारे १५३ किलो होतो. वेग पाचपट, दाब पंचवीसपट. तुमच्या भागासाठी आणि ८० मीटर उंचीसाठी डिझाइनचा वेग किती धरायचा हे तिथल्या बांधकाम संहितेत दिलेलं असतं. इथे नमुना म्हणून ५० धरतो.

तुमच्या ओळीचा चौकोन १५ गुणिले ३, म्हणजे ४५ चौरस मीटर. सुटी अक्षरं असतील तर त्यातला समजा ६० टक्के भाग भरीव, म्हणजे २७ चौरस मीटर. आकारासाठी १.३ चा गुणक लावला तर एकूण आडवा रेटा जवळपास ५.३७ टन येतो. आता सांगाड्याच्या सहा फ्रेम, दर ३ मीटरवर एक. मधल्या प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला पाचवा हिस्सा, म्हणजे सुमारे १०७० किलो. अक्षरांचा तळ गच्चीपासून १ मीटरवर असेल तर रेट्याचा मध्य २.५ मीटरवर येतो. पुढचा उभा खांब आणि मागचा तिरका टेकू यांच्या पायांत १.८ मीटर अंतर असेल, तर १०७० गुणिले २.५ भागिले १.८, म्हणजे जवळपास १४९० किलोची उपसणारी ओढ एका पायावर येते. फलकाचं सगळं वजन दीड टन धरलं तरी त्यातून एका पायाला जेमतेम १५० किलोंचा दिलासा. निव्वळ ओढ १३०० किलोंच्या वरच राहते. शिवाय वारा समोरून आला तर पुढचा पाय उपसतो, मागून आला तर मागचा. म्हणून दोन्ही पाय ओढीसाठीच बांधायचे. पुढचे खांब चार-चार बोल्टांवर आणि मागचे टेकू एकेका बोल्टावर ठेवलेले सांगाडे सर्रास दिसतात, आणि ते याच विचारात चुकतात: टेकू फक्त टेकवण्यासाठी असतो असं धरलेलं असतं.

हा हिशोब समजण्यापुरता आहे. प्रत्यक्ष आकडे स्ट्रक्चरल इंजिनिअरने द्यायचे, आणि त्यात गच्चीचा स्लॅब ही ओढ खालच्या तुळईपर्यंत पोचवू शकतो का हेही तपासलेलं हवं. शक्य असेल तिथे पाय तुळईच्या किंवा कॉलमच्या डोक्यावरच घ्या, मग फ्रेममधलं अंतर थोडं असमान झालं तरी चालेल.

एक गोष्ट मात्र ग्राहकाला सुरुवातीलाच स्पष्ट सांगा. ‘मागे एसीपीचा पत्रा लावा, अक्षरं उठून दिसतील’ ही मागणी हमखास येते (एसीपी म्हणजे अॅल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये दुसरा थर भरलेला तक्ता). पत्रा लावला की २७ चे ४५ चौरस मीटर होतात आणि वरचे सगळे आकडे १.६७ पट होतात. सांगाडा उभा राहिल्यावर ही मागणी आली तर नकार द्यायचा, किंवा सगळा हिशोब पुन्हा करायचा.

आता अँकर. काँक्रीटमध्ये या कामाला केमिकल अँकर, म्हणजे भोकात गोंद भरून बसवलेले दांडे, बरे. नुसते फुगणारे अँकर भोकाच्या भिंती दाबून धरतात. वाऱ्याचा भार सतत उलटसुलट होत असल्याने ते सैल पडण्याची भीती जास्त, आणि कडेजवळ तर ते काँक्रीटच फोडतात. एम १६ चा (१६ मिलिमीटर व्यासाचा) दांडा, १८ मिलिमीटरचं भोक, निदान १२५ मिलिमीटर खोली, प्रत्येक पायाला चार. वरच्या हिशोबात एका अँकरला साडेतीनशे किलोंच्या आत ओढ येते, आणि चांगल्या काँक्रीटमध्ये ते त्याला काहीच जड नाही. जड जातं ते काँक्रीट चांगलं नसलं की, कड जवळ असली की, किंवा भोक नीट साफ झालं नसलं की.

अँकर उपसतो तेव्हा काँक्रीटचा एक उलटा शंकू घेऊन येतो. तो शंकू पूर्ण तयार व्हायला खोलीच्या दीडपट अंतर कडेपासून लागतं, म्हणजे १२५ खोलीला साधारण १९० मिलिमीटर. कठडा १५० जाडीचा असेल तर त्याच्या माथ्यावर ठोकलेल्या अँकरला दोन्ही बाजूंना फक्त ७५ मिलिमीटर मिळतात. तोही कठडा काँक्रीटचा असेल तर. बहुतेक वेळा तो विटांचा किंवा हलक्या ब्लॉकचा असतो आणि वर गिलावा. भोक पाडताना बाहेर येणाऱ्या भुकटीचा रंग पाहा: करडी आणि बारीक असेल तर काँक्रीट, लालसर असेल तर वीट, पांढरी आणि हलकी असेल तर ब्लॉक. वीट किंवा ब्लॉक असेल तर अँकरचा नाद सोडा. आरपार बोल्ट आणि पलीकडून मोठी पट्टी, किंवा सरळ स्लॅबपर्यंत खाली या. दर्शनी भिंतीवर फलक बसवताना तर एसीपीच्या किंवा काचेच्या आवरणाला काहीही टांगायचं नाही. ब्रॅकेट आवरणातून आरपार आतल्या काँक्रीटपर्यंत गेला पाहिजे.

भोकाची सफाई कंटाळवाणी असते, आणि नेमकी तीच टाळली जाते. फुंकणी भोकाच्या तळापर्यंत घालून धूळ उडवायची, तारेचा ब्रश तळापर्यंत फिरवायचा, पुन्हा उडवायचं. आणि हे सगळं निदान दोनदा. तोंडाने फुंकून धूळ निघत नाही, उलट थुंकीने भिंतीला चिकटते. धूळ राहिली तर गोंद काँक्रीटला न धरता धुळीला धरतो. हाताला दांडा पक्का वाटतो, पहिल्या वादळात मात्र तो स्वच्छ, गोंदाचं बाहेरचं कवच घेऊन, सरळ बाहेर येतो. नळीतून सुरुवातीला येणारा गोंद रंग एकसारखा होईपर्यंत फेकून द्या, कारण त्यात दोन घटक नीट मिसळलेले नसतात. भरताना तळापासून सुरुवात करून नळी हळूहळू मागे घ्या, भोक दोन तृतीयांश भरा आणि दांडा फिरवत आत ढकला. तोंडाशी थोडा गोंद बाहेर आला पाहिजे. नाही आला तर आत पोकळी आहे. सुकण्याची वेळ तापमानावर ठरते आणि ती गोंदाच्या वेष्टणावर छापलेली असते. भोक ओलं असेल तर त्याहून जास्त.

आवळतानाही एक फसवणूक आहे. लोखंडाला लोखंड जोडणारा ८.८ ग्रेडचा एम १६ बोल्ट २०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळतात. केमिकल अँकरचा एम १६ मात्र साधारण ८० वरच थांबवायचा. नेमका आकडा उत्पादकाच्या माहितीपत्रकात असतो. एकच टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळणारा) २०० वर लावून सगळीकडे फिरवला तर गोंदाची पकड तिथल्या तिथे तुटते आणि वरून काही दिसत नाही. म्हणून दोन पाने ठेवा, दोन रंगांच्या टेपचे. आवळून झाल्यावर नट आणि प्लेटवर मिळून पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढा. पुढे कधीही नट फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

शंभरातले निदान पाच अँकर, आणि एकूण तीनपेक्षा कमी नाहीत, हायड्रॉलिक जॅकने ओढून तपासावेत. कामाच्या भाराच्या दीडपट ओढ, काही मिनिटं धरून ठेवायची, आणि दांडा हलता कामा नये. कुठले तपासायचे ते बसवणाऱ्याने ठरवू नये, कारण त्याला आपले सर्वांत चांगले कुठले हे माहीत असतं.

जमिनीवर करायची कामं पुष्कळ आहेत आणि त्यात घालवलेला प्रत्येक तास वर वाचतो. आधी प्रत्यक्ष माप: गच्चीची कड सरळ नसते, स्लॅब समतल नसतो. १५ मीटरांत २०-३० मिलिमीटरचा फरक पडणं नेहमीचंच. लेझरने प्रत्येक पायाच्या जागेची पातळी लिहून घ्या, त्याप्रमाणे पॅकिंगच्या पट्ट्या आधीच कापून त्यांवर नंबर टाका. ब्रॅकेटला लंबगोल भोकं ठेवा. मग सांगाडा कारखान्यात आडवा पूर्ण जुळवून त्यावर सगळी अक्षरं बसवा, प्रत्येक सांध्याला नंबर द्या आणि निदान एक दिवस-रात्र सलग दिवे पेटते ठेवा. जे मॉड्यूल जायचं ते बहुधा याच वेळात जातं. अंधारात ५० मीटर मागे जाऊन पाहा. जवळून न दिसणारे काळे डाग लांबून चटकन दिसतात. वर वेल्डिंग करावं लागेल अशी रचनाच करू नका. गच्चीवरच्या वॉटरप्रूफिंगवर आणि एसीपीवर पडणारी ठिणगी आग लावते, आणि वेल्डिंगने जिथे झिंक जळतं तिथूनच गंज सुरू होतो.

धातू प्रसरण पावतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, किती पावतात हे मात्र मोजलं जात नाही. ५० अंशांच्या फरकाला ६ मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी सुमारे ७ मिलिमीटर वाढते, त्याच लांबीचं लोखंड ३.६. फरक साडेतीन मिलिमीटरचा, म्हणून एक टोक घट्ट आणि बाकीचे सांधे सरकते ठेवायचे. अॅक्रिलिकचा ३ मीटरचा दर्शनी तुकडा तर १० मिलिमीटरपेक्षा जास्त हलतो. तो चौफेर स्क्रूने घट्ट केला तर भोकापासून तडे जातात, आणि तडा गेलेला तुकडा ८० मीटरांवरून कधीतरी खाली येतो. कडेला दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटर मोकळे, भोकं स्क्रूपेक्षा मोठी, खाली रबरी वॉशर. दर्शनी तुकडा पॉलिकार्बोनेटचा घेतलात तर तो फुटून धारदार तुकडे होत नाहीत; प्रसरण जवळपास तेवढंच, पण एवढ्या उंचीवर माझी पसंती त्यालाच. अॅल्युमिनियम आणि लोखंड जिथे भेटतात तिथे मध्ये नायलॉन किंवा रबराची पट्टी. समुद्राजवळ स्टेनलेसचे बोल्ट ३१६ ग्रेडचे. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टावर जोरात फिरवला की आटे एकमेकांत रुततात आणि ना पुढे ना मागे, म्हणून आट्यांना अँटी-सीझ पेस्ट लावून हातानेच फिरवायचं, इम्पॅक्ट गनने नाही.

चढवण्याचा प्रश्न. तुमच्या कामात सांगाड्याचे तुकडे ३ मीटरच्या आत ठेवता येतात आणि एकेक अक्षर ५०-६० किलोंत बसतं. ते सर्व्हिस लिफ्टमधून, किंवा गच्चीवर बसवलेल्या विंचने मागच्या, बिनवर्दळीच्या बाजूने वर न्या. ८० मीटर उंचीची क्रेन फक्त तेव्हाच बोलवा, जेव्हा एकसंध मोठे पॅनेल चढवायचे असतील. क्रेन आणलीच तर दोन गोष्टी पाहा. पहिली पायाखाली: क्रेन आणि भार मिळून होणाऱ्या वजनाच्या ७५ टक्क्यांपर्यंत भार एकाच आउटरिगरवर (क्रेनच्या बाजूला पसरणाऱ्या आधाराच्या पायावर) येऊ शकतो. एकूण १०० टन असेल तर ७५ टन; जमीन चौरस मीटरला १५ टन झेलणारी असेल तर त्या एका पायाखाली ५ चौरस मीटरची पाटी हवी. आणि खाली तळघराचा स्लॅब, गटार किंवा टाकी आहे का हे नकाशावरून नाही, माणूस पाठवून बघा.

दुसरी गोष्ट पॅनेलचं शीड होणं. ६ गुणिले ३ मीटरचं, ३०० किलोंचं पॅनेल ९ मीटर प्रति सेकंदाच्या वाऱ्यात लटकलं असेल तर त्यावर १०० किलोंच्या वर आडवा रेटा येतो. ते उभ्या रेषेपासून जवळपास २० अंश सरकतं. १० मीटर दोरीवर म्हणजे तीन मीटरांहून जास्त. त्या तीन मीटरांत इमारतीची काच असते. खाली ६ मीटर प्रति सेकंदाची झुळूक वाटत असेल तेव्हा ८० मीटरांवर सहज ९ चा वारा असतो, म्हणून वाऱ्याचा वेग वरच मोजायचा, आणि सरासरीवर न जाता झोताच्या आकड्यावर थांबायचं. क्रेन, झुला, बूम लिफ्ट यांची मर्यादा त्यांच्या पाटीवर लिहिलेली असते. बाहेर वापरायच्या बूम लिफ्टची बहुधा १२.५, झुल्याची साधारण ८. मोठं पॅनेल चढवताना मी त्या पाटीवरही विसंबणार नाही, ७ वर थांबेन. पाटी यंत्रासाठी आहे, तुमच्या पॅनेलचं क्षेत्रफळ तिला माहीत नाही.

पॅनेलला दोन ओढदोर, दोन्ही बाजूंना एकेक माणूस, आणि दोर हाताला कधीही गुंडाळायचा नाही. दोन पायांच्या स्लिंगमध्ये वरचा कोन ६० अंश असेल तर प्रत्येक पायावर भाराचा ५८ टक्के ताण येतो. कोन १२० झाला की प्रत्येक पायावर पूर्ण भाराएवढा. लांब पॅनेलला म्हणून स्प्रेडर बीम, म्हणजे स्लिंगचे पाय लांब ठेवणारी आडवी तुळई. इशारे देणारा माणूस एकच. पण ‘थांब’ कुणीही म्हणू शकतो आणि त्यावर थांबायचंच. पॅनेल जागेवर आल्यावर निदान चार बोल्ट पूर्ण आवळल्याशिवाय हुक सोडू नका. दोन बोल्टांवर लटकलेलं पॅनेल त्यांच्याभोवती फिरतं.

दर्शनी भिंतीवर काम असेल आणि झुला लागणारच असेल तर मागच्या वजनांचा हिशोब स्वतः करा. तुळई कडेपासून १.५ मीटर बाहेर, मागचं वजन कडेपासून ४.५ मीटर आत, दोरीवर जास्तीत जास्त ६०० किलो. समतोलाला २०० किलो पुरतात; त्यावर तिप्पट सुरक्षा, म्हणजे एका तुळईमागे ६०० किलो. इथे ६०० म्हणजे झुल्यात बसलेल्यांचं वजन नव्हे. झुला छज्जाला अडकला आणि मोटर ओढत राहिली तर दोरीवर जितका ताण येईल तितका धरायचा. वजनं ठोस, नंबर टाकलेली आणि साखळीने कुलूपबंद. वाळूची पोती नकोत. ती भिजतात, फाटतात, आणि कुणीतरी एखादं दुसऱ्या कामाला उचलून नेतं. झुल्याच्या दोन भारवाहक दोऱ्यांशिवाय दोन सुरक्षा-दोऱ्या असतातच, पण माणसाचा हार्नेस झुल्याला अडकवायचा की वेगळ्या लाइफलाइनला (माणसासाठीच्या स्वतंत्र दोराला), हे यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे ठरवा. लाइफलाइन असेल तर ती इमारतीच्या दुसऱ्याच ठिकाणी बांधलेली हवी, झुल्याच्या तुळईला नाही. आणि दोरी जिथे कडेवरून वळते तिथे रबरी संरक्षक: कापलेल्या एसीपीची कड ताणलेल्या दोराला सुरीसारखी लागते.

तुमच्या गच्चीच्या फलकाला मात्र मागे कायमची चालवाट ठेवा, ६०० मिलिमीटर रुंद, १.१ मीटर उंच कठडा, मध्ये एक आडवी नळी आणि खाली १५० मिलिमीटरची पट्टी, पाना घरंगळून खाली जाऊ नये म्हणून. खर्च वाढतो म्हणून ही चालवाट सगळ्यात आधी कापली जाते. तशी कापली तर पुढची दहा-पंधरा वर्षं प्रत्येक बंद पडलेल्या ड्रायव्हरसाठी (एलईडींना वीज पुरवणाऱ्या उपकरणासाठी) कुणीतरी दोराला लटकणार.

हार्नेसबद्दल दोन आकडे लक्षात ठेवा. एक, २ मीटरचा लॅनयार्ड (हार्नेसपासून अँकरपर्यंतची दोरी) पायाच्या पातळीला अडकवला तर माणूस साडेतीन मीटर पडतो आणि मग शॉक अॅब्सॉर्बर (झटका शोषणारी, उलगडत जाणारी पट्टी) उघडतो. अॅब्सॉर्बर १.७५ मीटरपर्यंत लांबतो. लॅनयार्डचे २ मीटर, हे १.७५, अडकवलेल्या कडीपासून पायापर्यंत दीड आणि वर १ मीटर जादा, म्हणजे अँकरखाली सव्वासहा मीटर मोकळी जागा लागते. खाली ४ मीटरवर एसीचं युनिट किंवा छज्जा असेल तर हार्नेस घातलेला माणूसही त्यावर आदळतो. म्हणून लॅनयार्ड डोक्याच्या वर अडकवा. त्याहून उत्तम म्हणजे त्याची लांबी इतकी कमी ठेवा की माणूस कडेपर्यंत पोचतच नाही. गच्चीवरच्या कामात हे बहुतेक वेळा जमतं. दोन हुकांचा लॅनयार्ड, एक सोडण्याआधी दुसरा अडकवलेला. अडकवायची जागा निदान १२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वा टन झेलणारी. पाण्याचा पाइप, एसीचा स्टँड, आणि अर्धवट आवळलेला तुमचाच सांगाडा यात येत नाहीत.

दुसरा आकडा वेळेचा. पडून हार्नेसला लटकलेला, हालचाल न करणारा माणूस काही मिनिटांतच बेशुद्ध होऊ शकतो, कारण पायांतलं रक्त वर परतत नाही. ८० मीटरवर अग्निशमन दलाची शिडी पोचेलच असं नाही. सुटकेचा संच गच्चीवरच, तो वापरता येणारी दोन माणसं गच्चीवरच, आणि काम सुरू करण्याआधी एकदा प्रत्यक्ष सराव. दहा मिनिटांत वर घेता येत नसेल तर ती योजना कागदावरचीच. हार्नेसला पाय टेकवायचे पट्टे आहेत का, आणि कामावर येणाऱ्याला ते उघडता येतात का ते विचारा.

खालच्या माणसांचंही पाहायला हवं. ८० मीटरवरून सुटलेला पाना चार सेकंदांत जमिनीवर पोचतो, ताशी १४० किलोमीटरने. हेल्मेटचा तिथे उपयोग नाही. प्रत्येक हत्यार दोरीने बांधलेलं. दोन किलोंपर्यंतचं पट्ट्याला, त्याहून जड असेल तर सांगाड्याला, माणसाला नाही. सुटे नट-बोल्ट तोंड बंद होणाऱ्या पिशवीत. खाली निदान १५ मीटर रुंद पट्टा बंद, आणि तिथे उभा राहून माणसं अडवणारा एकजण. नुसती टेप लावली तर लोक वाकून खालून जातात. वस्तू सरळ पडेल हेही धरू नका. मधल्या छज्जावर आपटली की ती बाजूला उडते, आणि अॅक्रिलिकचा पत्रा वाऱ्यावर तरंगत कुठेही जातो.

गच्चीवर मोबाइलचे अँटेना असतील तर त्यांच्या समोर काम करायचं नाही. तसं करावंच लागलं तर कंपनीकडून ते बंद झाल्याची लेखी खात्री घ्या. मेघगर्जना ऐकू आली की सगळे खाली, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. गच्चीवर उभा केलेला लोखंडी सांगाडा परिसरातला सर्वांत उंच धातू असतो.

याच कारणाने सांगाडा इमारतीच्या वीजरोधक यंत्रणेला निदान दोन ठिकाणी जोडावा लागतो, आणि फलकाची पातळी जुन्या वीजरोधकाच्या टोकाच्या वर जात असेल तर त्या यंत्रणेची रचनाच पुन्हा तपासावी लागते. पावडर कोटिंग वीज अडवतं. नुसत्या बोल्टने दोन रंगवलेले तुकडे अर्थिंगला जोडले गेले असं समजू नका. सांध्यावर दातेरी वॉशर किंवा विणलेली तांब्याची पट्टी लावा आणि मीटरने मोजा. विजेच्या पॅनेलमध्ये सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारं उपकरण) हवाच.

दिव्यांची वायरिंग. एका अक्षराला १२० वॅट लागत असतील तर १२ व्होल्टवर १० अँपिअर. ड्रायव्हर अक्षरापासून १० मीटर दूर आणि वायर २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर जाण्या-येण्याच्या २० मीटरांत जवळपास दीड व्होल्ट खर्च होतो. उरले १०.५, शेवटचं अक्षर पिवळट, मंद दिसतं आणि दोष मॉड्यूलवर जातो. तेच २४ व्होल्टवर घेतलं तर ५ अँपिअर, पाऊण व्होल्टचा तोटा, म्हणजे ३ टक्के. उंचावरच्या कामाला २४ व्होल्टच घ्या. त्यामुळे ड्रायव्हर अक्षरात न कोंबता चालवाटेवरच्या सावलीतल्या पेटीत ठेवता येतात, आणि बदलायला अक्षर उघडावं लागत नाही. ड्रायव्हरवर क्षमतेच्या ८० टक्केच भार. त्याच्या आतल्या कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश उष्णतेला साधारण निम्मं होतं, त्यामुळे पेटी हवेशीर हवी.

पंधरा ड्रायव्हर एकदम चालू केले की सुरुवातीच्या झटक्याने बी कर्व्हचा, म्हणजे झटक्याला लवकर पडणारा, एमसीबी (जादा प्रवाह आला की वीज तोडणारा स्विच) पडतो. सी किंवा डी कर्व्हचा घ्या, किंवा दोन-तीन गटांत काही सेकंदांच्या अंतराने चालू करा. प्रत्येक ड्रायव्हरमधून अर्धा-पाऊण मिलिअँपिअर गळती असतेच. पंधरा ड्रायव्हर एका ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचवर) टाकले तर दमट हवेत तो उगाच पडत राहील आणि कुणीतरी शहाणा तो काढून टाकेल. म्हणून वाटून द्या. फलकाशेजारीच कुलूप लावता येणारा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) हवा, आणि दुरुस्ती करणाऱ्याने स्वतःचं कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची.

पाणी शिरू नये म्हणून आयपी ६७ चे ड्रायव्हर घेतले जातात आणि जोडणी मात्र टेप गुंडाळून केली जाते. पाणी वायरच्या आवरणाखालून, तारांच्या मधून, केशाकर्षणाने थेट ड्रायव्हरमध्ये पोचतं. जोड जेल भरलेल्या कनेक्टरमध्ये करा, ग्लँड (वायर आत घेणारं घट्ट तोंड) नेहमी पेटीच्या खालून आणि त्याआधी वायरला खाली एक झोळ, म्हणजे थेंब तिथेच गळतो. अक्षर पूर्ण हवाबंद होत नाही, होऊही नये. दिवसा तापून रात्री थंड झालं की ते ओलसर हवा आत ओढतं. म्हणून प्रत्येक सखल जागी ८ मिलिमीटरचं भोक. देवनागरी अक्षराला सखल जागा अनेक असतात: ‘क’ च्या गोलाच्या आतलं वळण, आकड्याच्या शेपटाचा तळ, आणि शिरोरेघेचं खोकं तर वेगळंच. बसवून झाल्यावर शेवटी सिलिकॉन मारणारा माणूस हीच भोकं ‘राहून गेली’ म्हणून बुजवून टाकतो; खाली जायच्या आधी प्रत्येक भोकात तार घालून पाहा.

पहिली तपासणी महिन्याभराने, किंवा त्याआधी जोराचा वारा झाला तर त्यानंतर लगेच: नटांवरच्या रेघा, टेकूंच्या पायाशी गिलाव्याला गेलेले केसासारखे तडे, गंजाचे ओघळ. रेघ तुटलेला एक नट सापडला तर तो नुसता आवळून पुढे जाऊ नका. त्याच फ्रेमचे सगळे बोल्ट तपासा, कारण तो सैल झाला म्हणजे त्याचा भार शेजाऱ्याने उचललेला असतो. मग दर सहा महिन्यांनी, आणि पावसाळ्यासारखा वाऱ्याचा काळ सुरू होण्याआधी एकदा. अँकरची जागा, खोली, गोंदाचं नाव, ओढून पाहिल्याचे आकडे आणि प्रत्येक उचलीचं वजन एका कागदावर लिहून तो ड्रायव्हरच्या पेटीच्या दाराच्या आतून लॅमिनेट करून चिकटवा. फलक उतरवायची वेळ येईल तेव्हा बसवणारे कुणी तिथे नसतात, आणि कुठला तुकडा किती किलोंचा हे माहीत नसताना गॅस कटर चालवणं हे बसवण्यापेक्षाही धोक्याचं काम आहे.